चौक कोणाचा?
(रस्त्यावरच्या प्रायोगिक नगररचनेविषयी)

'सार्वजनिक' हा शब्द आपल्या भाषेत फार सैलपणे वापरला जातो. सार्वजनिक विहीर, सार्वजनिक रस्ता, सार्वजनिक सभागृह, सार्वजनिक उत्सव. माझ्या आजीच्या लहानपणी तिच्या गावात एक सार्वजनिक विहीर होती आणि त्या विहिरीत आजीला घागर बुडवता येत नव्हती. विहीर सर्व जनांची होती, पण आजीची गणना त्या जनांत होत नव्हती. शब्दाचा हा इतिहास ज्यांच्या घरावरून गेला आहे त्यांनी 'सार्वजनिक जागा', 'लोकसहभाग', 'स्थानिक समाज' हे शब्द कानावर पडताच क्षणभर थांबावे आणि विचारावे : सार्वजनिक म्हणजे कोणाचे? लोक म्हणजे कोण?

हे लिहिण्याचे निमित्त असे की, गेल्या काही वर्षांत आपल्या शहरांतून 'टॅक्टिकल अर्बनिझम' नावाची एक कल्पना बरीच बोलली जाऊ लागली आहे. महापालिकांच्या अहवालांत ती आली आहे, विद्यार्थ्यांच्या प्रकल्पांत आली आहे. मराठीत तिच्यासाठी अजून रुळलेला शब्द नाही. 'डावपेची नगररचना' म्हटले तर कपटाचा वास येतो. मी या लेखात 'प्रायोगिक नगररचना' असा शब्द वापरणार आहे. ही कल्पना काय आहे, ती कशी चालते, तिच्यात आपल्या कामाचे काय आहे आणि कोठे सावध राहायला हवे, हे कार्यकर्ते, शिक्षक आणि विद्यार्थी यांच्यापुढे शक्य तितक्या साध्या शब्दांत मांडावे एवढाच हेतू आहे.

१

शहरातला एखादा चौक किंवा रस्ता बदलायचा झाला तर आपल्याकडे रूढ मार्ग कोणता? महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ या कायद्याखाली विकास आराखडा तयार होतो. तो प्रसिद्ध होतो. ठराविक मुदतीत नागरिकांकडून 'हरकती व सूचना' मागवल्या जातात. कागदावर हा लोकसहभागच आहे. परंतु आराखडा कार्यालयाच्या भिंतीवर लागतो आणि त्याची सूचना राजपत्रात व वर्तमानपत्राच्या आतल्या पानात येते. रंगीत पट्ट्यांचा तो नकाशा वाचायला एक शिक्षण लागते. ज्याच्या झोपडीवरून नकाशातला पिवळा पट्टा गेलेला असतो, त्याला ते बहुधा मोजणीची माणसे दारात आल्यावर समजते. म्हणजे सहभाग ठेवलेला आहे, पण त्याची पायरी इतकी उंच की बहुतेकांचा पाय पोचू नये.

प्रायोगिक नगररचनेची रीत याच्या उलट आहे. तिच्यात नकाशा कागदावर न काढता जमिनीवर काढतात, तोही पुसता येईल अशा रंगाने. चौकात पायी चालणाऱ्यांना जागा कमी पडते असे वाटले तर चुन्याने किंवा खडूने रेघ मारायची. रेघेच्या आत वाहने येऊ नयेत म्हणून जुने टायर, पिंपे, कुंड्या, बांबू ठेवायचे. बसायला बाकडी नसतील तर खोकी आणायची. सावली नसेल तर कापड ताणायचे. असे आठ दिवस, पंधरा दिवस, महिनाभर ठेवायचे. आधी मोजायचे, मध्ये मोजायचे, शेवटी मोजायचे : किती माणसे चालली, कोण थांबले, कोणाची वाट अडली, कोणाची विक्री घटली, मुले रस्ता कशी ओलांडतात. जे जमले ते ठेवायचे, चुकले ते पुसायचे. त्यानंतरच दगड, सिमेंट आणि निविदा.

या रीतीचे तीन फायदे आहेत. एक, चूक स्वस्त पडते. सिमेंटचा चौथरा चुकला तर तो फोडायला वर्षे जातात. खडूची रेघ चुकली तर बादलीभर पाणी पुरते. दोन, नकाशा न वाचता येणाऱ्या माणसालाही मत देता येते, कारण तो त्या रेघेवरून प्रत्यक्ष चाललेला असतो. तीन, विरोध करणाऱ्याचे म्हणणेही तपासता येते. 'रस्ता अरुंद केला तर वाहतूक तुंबेल' असे एक जण म्हणतो, दुसरा 'तुंबणार नाही' म्हणतो. दोघांनी आठ दिवस चौकात उभे राहावे आणि पाहावे.

२

या कल्पनेला अलीकडे नाव मिळाले असले तरी रीत जुनी आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर ॲमस्टरडॅममध्ये अनेक भूखंड मोकळे, पडीक पडले होते. १९४७ पासून पुढे तीस वर्षे आल्डो व्हॅन आइक या वास्तुरचनाकाराने महापालिकेसाठी अशा जागांवर सातशेहून अधिक छोटी क्रीडांगणे केली. एक वाळूचा हौद, चढायला लोखंडी कमानी, काही बाकडी, एवढेच सामान. आपल्या गल्लीतही असे करा अशी पत्रे रहिवासी महापालिकेला लिहीत आणि त्यांवरून पुढची जागा ठरत असे. कोलंबियातील बोगोटा शहरात १९७४ पासून रविवारी ठरलेले रस्ते वाहनांना बंद करून चालणाऱ्यांना आणि सायकलवाल्यांना मोकळे करण्याची प्रथा सुरू झाली. ती आज त्या शहराची ओळख आहे. न्यूयॉर्कमध्ये मे २००९ मध्ये टाइम्स स्क्वेअर येथील ब्रॉडवे रस्त्याचा तुकडा पिंपे ठेवून बंद केला गेला आणि बसायला साध्या घडीच्या खुर्च्या मांडल्या गेल्या. लोक बसले. पुढच्या वर्षी तो बदल कायम करण्याचा निर्णय झाला. २०१५ मध्ये माइक लायडन आणि अँथनी गार्सिया या दोघांनी अशा प्रयोगांवर पुस्तक लिहिले आणि त्यातून हे नाव जगभर गेले.

महाराष्ट्रातही या रीतीने पाय टाकला आहे. मुंबईत नोव्हेंबर २०१४ पासून वांद्रे-सांताक्रूझ भागात काही काळ रविवारच्या सकाळी रस्ता वाहनांना बंद ठेवण्याचा उपक्रम चालला. केंद्रीय गृहनिर्माण व नगर व्यवहार मंत्रालयाने २०२० मध्ये रस्ते माणसांसाठी करण्याची एक स्पर्धा शहरांपुढे ठेवली. त्यात आधी तात्पुरता प्रयोग आणि मग कायम बांधणी असा क्रम होता. पुढे निवडल्या गेलेल्या ११ शहरांत पुणे, पिंपरी-चिंचवड, नागपूर आणि तेव्हाचे औरंगाबाद अशी चार शहरे महाराष्ट्राची होती. पुणे महापालिकेने ११ डिसेंबर २०२१ रोजी लक्ष्मी रस्ता वाहनांना बंद करून 'पादचारी दिन' साजरा केला.

हे सारे चांगलेच आहे. चालणाऱ्या माणसाला रस्ता मिळावा याला कोणाचा विरोध असणार? शहरात सर्वांत जास्त कोण चालते? ज्याच्याकडे वाहन नाही तो. तेव्हा पायवाट रुंद करणे हे गरिबाच्याच बाजूचे काम आहे. परंतु या प्रयोगांची वर्णने वाचताना एक गोष्ट मला सारखी खटकते. त्यांत 'नागरिक', 'रहिवासी', 'वापरकर्ते' असे शब्द येतात. रस्ता झाडणारी बाई त्यांत कोणत्या शब्दाखाली येते हे कळत नाही. पदपथावर चप्पल शिवणारा कोठे येतो? रात्री त्याच पदपथावर झोपणारा? खडूने रंगवलेला तो सुंदर चौक दुसऱ्या दिवशी पहाटे कोण झाडते?

३

आपल्या माणसांना हा प्रश्न नवा नाही. रस्ता, पाणवठा, देऊळ यांवर आपला इतिहासच उभा आहे. सी. के. बोले यांचा ठराव मुंबईच्या कायदेमंडळात ऑगस्ट १९२३ मध्ये संमत झाला : सरकारी किंवा सार्वजनिक पैशाने बांधलेले पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, शाळा, कचेऱ्या अस्पृश्यांना खुल्या असाव्यात. महाड नगरपालिकेने १९२४ मध्ये चवदार तळे खुले केल्याचा ठराव केला. कागदावर तळे सार्वजनिक झाले. तीन वर्षे त्या कागदाला कोणी पाणी लावले नाही. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि त्यांच्यामागून हजारो माणसे तळ्यावर चालत गेली आणि त्यांनी पाणी प्राशन केले. त्यानंतर परतणाऱ्या माणसांवर हल्ले झाले, तळ्याचे 'शुद्धीकरण' झाले, दावा कोर्टात गेला आणि मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल लागायला मार्च १९३७ उजाडला.

मी महाडच्या सत्याग्रहाला प्रायोगिक नगररचनेचे उदाहरण म्हणणार नाही. तसे म्हणणे हा त्या लढ्याचा उपमर्द होईल. रस्त्यावर खुर्ची मांडणाऱ्याचा त्या रस्त्यावरचा हक्क आधीच मान्य असतो. महाडला हक्कच मिळवायचा होता आणि त्याची किंमत डोकी फुटून मोजावी लागली. पण महाडने शिकवलेले एक सूत्र या विषयाच्या मुळाशी आहे : जागा ठरावाने सार्वजनिक होत नाही, वापराने होते. ज्याला ती निर्भयपणे वापरता येते त्याचीच ती असते. नाशिकला २ मार्च १९३० रोजी सुरू झालेल्या काळाराम मंदिर सत्याग्रहाने हेच विचारले आणि त्याला नकारच मिळाला. त्या नकाराचे उत्तर १३ ऑक्टोबर १९३५ रोजी येवल्यात दिले गेले. ते येवले मी हे जेथे बसून लिहितो आहे त्या विंचूरपासून फार दूर नाही. दरवर्षी १३ ऑक्टोबरला निळे झेंडे लावलेल्या गाड्या मुक्तिभूमीकडे जाताना याच रस्त्याने पुढे जातात.

दुसरे उदाहरण ६ डिसेंबरचे. त्या दिवसांत दादरला चैत्यभूमी आणि शिवाजी पार्क परिसरात लाखोंची एक वस्ती उभी राहते आणि दोन-तीन दिवसांत उठून जाते. पुस्तकांची दुकाने, भोजनदानाच्या रांगा, औषधोपचाराचे तंबू, गायनाचे मंच, झोपायच्या जागा. महापालिका पाणी, मंडप, शौचालये यांची सोय करते. पण त्या वस्तीचा प्राण माणसे स्वतः आणतात. कोठे पुस्तके लागतात आणि हरवलेले पोर कोठे सापडते, हे वर्षानुवर्षांच्या अनुभवाने ठरलेले आहे. नगररचनेच्या अभ्यासकांनी तात्पुरत्या शहराचा नमुना शोधायला दूर जायची गरज नाही. मात्र या गर्दीकडे अभ्यासाचा विषय म्हणून पाहण्याऐवजी 'गैरसोय' म्हणून पाहणारी नजर अजून गेलेली नाही.

आणि मुंबईचेच तिसरे. पदपथावर राहणाऱ्यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने जुलै १९८५ मध्ये उपजीविकेचा हक्क जगण्याच्या हक्कात येतो असे म्हटले, आणि तरीही रीतसर सूचना देऊन झोपड्या हटवायला मुभा दिली. त्याच सुमारास भायखळ्याच्या पदपथांवरील बायकांची 'महिला मिलन' ही संघटना 'स्पार्क' या संस्थेबरोबर उभी राहिली. या बायकांनी १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात कापड आणि बांबू वापरून आपल्या मनातल्या घराचे खऱ्या मापाचे नमुने उभे केले आणि लोकांना त्यांत शिरून पाहायला बोलावले. एवढ्याशा जागेत पोटमाळा काढला तर संसार कसा मावतो, हे त्यांनी कागदावर न सांगता उभे करून दाखवले. प्रायोगिक नगररचना म्हणतात ती आणखी वेगळी काय असते? फरक इतकाच की या बायकांजवळ तिच्यासाठी इंग्रजी नाव नव्हते.

४

आता 'स्थानिक समाज' या शब्दाकडे वळू. लोकसहभागाच्या अभ्यासात शेरी आर्नस्टाइन या अमेरिकन अभ्यासक बाईंनी १९६९ मध्ये मांडलेली आठ पायऱ्यांची शिडी प्रसिद्ध आहे. सर्वांत खालच्या पायऱ्यांवर सहभाग म्हणजे लोकांना गुंगवणे. मधल्या पायऱ्यांवर माहिती देणे, मत विचारणे, समिती नेमून समजूत घालणे. वरच्या पायऱ्यांवर भागीदारी, अधिकार सोपवणे आणि शेवटी निर्णय लोकांच्या हाती. बहुतेक सरकारी सहभाग मधल्या पायऱ्यांवर थांबतो हे त्यांचे म्हणणे आजही खरे आहे.

परंतु या शिडीत एक गृहीत आहे. एका बाजूला सत्ता आणि दुसऱ्या बाजूला 'लोक', असे दोनच पक्ष तिच्यात आहेत. आपल्याकडे 'लोक' ही एकसंध वस्तू नाही. बाबासाहेबांनी ज्या श्रेणीबद्ध विषमतेचे विश्लेषण केले ती लोकांच्या आतच भरलेली आहे. संविधान सभेत ४ नोव्हेंबर १९४८ रोजी त्यांनी खेड्याविषयीच्या भाबड्या प्रेमाला जी चपराक दिली तिचा रोख हाच होता. स्थानिक म्हणजे आपोआप न्यायी, असे नसते. स्थानिकांच्या हाती निर्णय दिला आणि स्थानिकांत ज्याचा आवाज मोठा त्याचाच निर्णय झाला, तर लोकसहभागाने जुनी उतरंड नव्या रंगात रंगवली जाते.

मुंबईचा फेरीवाल्यांचा प्रश्न पाहा. एल्फिन्स्टन रोड स्थानकाच्या अरुंद पुलावर २९ सप्टेंबर २०१७ रोजी चेंगराचेंगरीत २३ माणसे मेली. पूल अरुंद होता. पण पुढच्या काही आठवड्यांत राग फेरीवाल्यांवर निघाला. १ नोव्हेंबर २०१७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने रेल्वे स्थानकापासून १५० मीटरच्या आत, तसेच शाळा, रुग्णालये आणि धार्मिक स्थळांपासून १०० मीटरच्या आत फेरीवाल्यांना मनाई असल्याचे स्पष्ट केले. पदपथ मोकळे करा ही मागणी करणारेही 'स्थानिक नागरिक'च होते. फेरीवाला मात्र त्या शब्दात बसला नाही. वास्तविक २०१४ च्या पथविक्रेता कायद्याने नगर पथविक्रेता समितीत ४० टक्के जागा विक्रेत्यांच्या निवडून आलेल्या प्रतिनिधींना दिल्या आहेत. त्यांत एक तृतीयांश स्त्रिया असाव्यात आणि अनुसूचित जाती-जमातींनाही योग्य प्रतिनिधित्व असावे असे म्हटले आहे. म्हणजे सहभागाचे माप कायद्यात आहे. चौक रंगवण्याआधी ही समिती बसली का, एवढे विचारायला आपण शिकले पाहिजे.

५

येथे मला स्वतःच्या एका चुकीविषयी लिहिले पाहिजे, कारण तिने मला या विषयात पुस्तकांपेक्षा जास्त शिकवले.

जिल्ह्यातल्याच एका बाजारगावी आम्ही काही शिक्षक-विद्यार्थ्यांनी असा प्रयोग केला. बाजाराच्या चौकात दुचाकी इतक्या वेड्यावाकड्या लागत की शाळेची मुले वाहनांतून वाट काढीत. आम्ही दोन दिवस उभे राहून मोजणी केली. तक्त्यात तीन रकाने होते : चालणारे, थांबणारे, वाहने. मग सभा घेतली. ती रात्री जेवणानंतर मारुतीच्या पारावर झाली, कारण 'तेथे सगळे येतात.' आले ते सगळे पुरुष होते. वस्तीतून कोणी आले नाही. मला ते जाणवले, आणि उशीर झाला असेल असे म्हणून मी ते सोडून दिले. वस्तीतच वाढलेल्या माणसाला, रात्री नऊ वाजता पारावर वस्तीतल्या बायका का येत नाहीत, हे दुसऱ्या कोणी सांगायला हवे होते काय?

पुढच्या रविवारी पोरांनी चुन्याच्या रेघा मारल्या, टायर रंगवून ठेवले, निंबाच्या सावलीत दोन बाकडी मांडली. चौक देखणा दिसू लागला. सोमवारी सकाळी मी पाहायला गेलो तेव्हा रस्त्यापलीकडे, ऐन उन्हात, एक म्हातारे चर्मकार काका आपली पेटी मांडून बसले होते. मी विचारले, "काका, उन्हात का बसलात?"

ते म्हणाले, "सर, बाकडं ठेवलंय ना तिथं. मी तिथं बसायचो."

"मग सांगितलं का नाही?"

"तुम्ही चांगल्यासाठीच करता म्हटलं. आन् इचारलं बी नाही कुणी."

त्या निंबाखाली ते किती वर्षे बसत होते हे विचारायचे मला धैर्य झाले नाही. आमच्या मोजणीत ते कोठे होते? चालणाऱ्यांत नव्हते, थांबणाऱ्यांत नव्हते. चौकात जो कामासाठी बसतो त्याला आमच्या तक्त्यात रकानाच नव्हता. तक्ता मी तयार केला होता. माझ्या घराण्यात पहिली पदवी माझी, आणि ती पदवी हाती घेऊन मी जो तक्ता केला त्यातून नेमका आपलाच माणूस गळला. यात कोणाचा दुष्टावा नव्हता. पण ज्या पुस्तकांतून आम्ही तक्ता उचलला त्यांतला चौक हा बसायचा, फिरायचा, फुरसतीचा चौक होता. आपला चौक पोट भरायचा आहे.

त्याच दिवशी आम्ही बाकडी हलवली, रेघ पाण्याने धुतली आणि काकांना विचारून नवी मारली. त्यांनी आणखी एक गोष्ट सांगितली : भाजीवाल्या बायका सकाळी सहाला येतात आणि दुपारपर्यंत त्यांना आडोसा नाही. त्यांच्याजवळ जाऊन विद्यार्थिनींनी बोलायला सुरुवात केली तेव्हा पहिली मागणी बाकड्याची, झाडाची किंवा रंगाची आली नाही. मुतारीची आली. मुंबईत २०११ मध्ये सुरू झालेल्या 'राइट टू पी' या मोहिमेत वस्त्यांतल्या बायकांनी सार्वजनिक शौचालये स्वतः फिरून तपासली होती आणि बायकांना लघवीलाही पैसे का पडतात असे विचारले होते. ते मी वर्गात शिकवत होतो. चौकात उतरताना मात्र ते पुस्तकातच राहिले.

या अनुभवातून मी दोन निष्कर्ष काढतो. रेघ पुसता आली म्हणून चूक दुरुस्त झाली. दगडी ओटा बांधला असता तर काका कायमचे उन्हात गेले असते. ही या रीतीची खरी ताकद आहे. आणि दुसरा : रीत आपोआप न्याय देत नाही. विचारायला कोण जातो, कोठे आणि कधी जातो, कोणता रकाना आखतो, यावर सारे अवलंबून आहे.

६

जे पुसता येत नाही ते आधी बांधायला घेतले की काय होते, याचे उदाहरण दीक्षाभूमीचे आहे. १४ ऑक्टोबर १९५६ ची ती भूमी. तिच्या विकासाचे काम सुरू झाले आणि त्यात भूमिगत वाहनतळाची योजना आली. खोदकाम दिसू लागले तेव्हा स्तूपाला धोका होईल, मोकळी जागा जाईल, अशी भीती लोकांत पसरली. १ जुलै २०२४ रोजी हजारोंचा जमाव जमला. बांधकामाच्या सामानाची मोडतोड आणि जाळपोळ झाली. त्याच दिवशी उपमुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी विधानसभेत या कामाला स्थगिती दिल्याचे जाहीर केले.

जाळपोळीचे समर्थन करण्याचे कारण नाही. पण कामाच्या क्रमाकडे पाहा. आधी आराखडा, मग निविदा, मग खड्डा आणि शेवटी लोक. हाच क्रम उलटा ठेवता आला असता. धम्मचक्र प्रवर्तन दिनाला ज्या मैदानावर लाखो माणसे येतात त्या मैदानावर एका वर्षी वाहनतळाच्या उतरणीची आणि खोदाईची हद्द चुन्याने आखता आली असती. 'येथून येथपर्यंत जागा जाईल' हे विदर्भ-मराठवाड्यातून आलेल्या बाईला पायाखाली दिसले असते. ती कोठे बसते, पोरांना कोठे निजवते, हे तिने सांगितले असते. वाहनतळ हवा की नको हे मग ठरले असते, आणि ते तिच्यासमक्ष ठरले असते. दीक्षाभूमीचा 'स्थानिक समाज' केवळ नागपूरचा नाही. तो गाडीला लोंबकळत येणारा सारा समाज आहे. स्थानिकत्व राहण्याच्या पत्त्याने ठरवायचे की जागेशी असलेल्या नात्याने, हा प्रश्न तेथे उघडा पडला.

७

आता विंचूरकडे येतो. विंचूर हे शहर नाही. निफाड तालुक्यातली ती एक ग्रामपंचायत आहे. पण नाशिकहून येवल्यामार्गे छत्रपती संभाजीनगरला जाणारा रस्ता आणि लासलगावचा फाटा येथे मिळतात, कांद्याचा उपबाजार येथे आहे, वाइनची औद्योगिक वसाहत येथे आहे. हंगामात कांद्याच्या ट्रॅक्टरांची रांग लागते. अशा रस्त्याकाठच्या गावांत गर्दी शहराची असते आणि नियोजन कोणाचेच नसते. महापालिकांच्या स्पर्धा यांच्यापर्यंत पोचत नाहीत.

फाट्यावर पहाटे उभे राहिले की गाव कोणाच्या कष्टावर चालते ते दिसते. खळ्यावर कांदा निवडायला जाणाऱ्या बाया डबा घेऊन टेम्पोची वाट पाहत असतात. माझी आई अशीच उभी राहत असे. तिला बसायला जागा, पावसात छप्पर आणि जवळ मुतारी असावी, असे तिच्या साऱ्या आयुष्यात कोणाच्या आराखड्यात आले नाही. कारण ती थांबणारी नव्हती, चालणारी नव्हती, ग्राहक नव्हती. ती वाट पाहणारी होती. असा रकाना आजही कोणाच्या तक्त्यात नाही.

अशा गावात काय करता येईल? माझ्या मते पुढील गोष्टी आपल्या आवाक्यातल्या आहेत.

पहिली, मोजणी. महाविद्यालयातील राष्ट्रीय सेवा योजनेच्या मुलामुलींनी पहाटे पाचपासून रात्री दहापर्यंत फाट्यावर पाळीने उभे राहावे. तक्त्यात बसून काम करणारे, वाट पाहणारे, झाडणारे, ओझे उचलणारे असे रकाने असावेत. स्त्री-पुरुष वेगळे मोजावे.

दुसरी, विचारणे. एकच सभा घेऊ नये. वस्तीत विहारासमोर एक, मजूर बायांची खळ्याच्या सुट्टीच्या वेळी एक, विक्रेत्यांची दुपारी एक. महाराष्ट्रात ग्रामसभेआधी महिलांची स्वतंत्र सभा घेण्याची तरतूद आहे. ती कागदावरच उरकली जाते. तिचा आग्रह धरावा आणि फाट्याचा विषय तिच्या विषयपत्रिकेवर लेखी घालावा.

तिसरी, रेघ. रस्ता ज्या खात्याकडे असेल त्याची आणि पोलिसांची लेखी परवानगी घेऊन आठ दिवसांसाठी चुन्याची आखणी, बांबू आणि कापडाची सावली करावी. परवानगीचा कागद जपावा. पुढे काम कायम करून घेताना तोच पुरावा होतो. वाहतुकीच्या रस्त्यावर परवानगीशिवाय पोरांना उतरवू नये. कोणाच्या हौसेसाठी आपल्या पोरांनी ट्रॅक्टरखाली जायचे नाही.

चौथी, श्रमाचा हिशेब. खड्डे खणणे, झाडणे, राखण करणे हे 'श्रमदान' म्हणून पुन्हा त्याच हातांवर पडत असेल तर तो प्रयोग थांबवावा. ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या बिनमोबदला गावकीची कामे केली त्यांच्याकडून लोकसहभागाच्या नावाने वेठ घेता कामा नये. मजुरीचा खर्च पहिल्या अंदाजपत्रकातच धरावा.

पाचवी, पाठपुरावा. प्रयोग हा शेवट नाही. तात्पुरत्या कापडावर समाधान मानून कायमचे छप्पर टाळणे हा प्रशासनाला सोयीचा मार्ग असतो. म्हणून प्रयोग संपण्याच्या दिवशीच ग्रामसभेत ठराव, रक्कम आणि मुदत मागावी.

सहावी गोष्ट नावांची. डिसेंबर २०२० मध्ये राज्य शासनाने वस्त्यांची जातिवाचक नावे बदलण्याचा निर्णय घेतला. पाट्या बदलल्या तरी बोलण्यातली नावे तशीच राहतात. पण चौकाच्या आखणीत वस्तीकडे जाणारी वाट आधी रुंद झाली, दिवा आधी तेथे लागला, तर नव्या नावाला अर्थ येतो.

कोणी म्हणेल, अत्याचार, बेकारी, जमीन, शिष्यवृत्ती असे ज्वलंत प्रश्न असताना हा खडू आणि टायरचा खेळ कशाला? आक्षेप रास्त आहे. फाट्यावरच्या सावलीने जात जाणार नाही. पण ज्या जागेत माणूस रोज उभा राहतो तेथे त्याला कोणी काही विचारले, त्याचे म्हणणे जमिनीवर उतरलेले त्याने पाहिले, आणि चुकले तेव्हा ते पुसून पुन्हा आखले गेले, तर त्याला पुढच्या ग्रामसभेत बोलायला बळ येते. संघटना अशाही वाढतात.

या पावसाळ्याआधी विंचूरच्या फाट्यावर मोजणी करायचे आमच्या विद्यार्थ्यांनी ठरवले आहे. तक्ता या वेळी मी केलेला नाही. खळ्यावर जाणाऱ्या तीन बायांना बसवून त्यांच्याकडून करून घेतला आहे. पहिला रकाना त्यांनी घातला आहे तो असा : किती वेळ उभे राहावे लागले.